ओवीचा पत्ता

शाहूपुरीतील बहुतेक गल्ल्या नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखल्या जातात. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही पेठ वसवली ती व्यापारासाठी, विशेषतः गुळाच्या व्यापारासाठी. त्यामुळे तिच्या आखणीत पेठेचा हिशेबीपणा आहे. बसस्थानक आणि रेल्वे स्थानक ही दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने तालुक्याच्या गावाहून आलेल्या माणसाची कामे येथे एका फेरीत उरकतात. या कामांपैकी एक, गेली तीसेक वर्षे, प्रबंधाच्या अक्षरजुळणीचे आहे. विद्यापीठात प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ आली की हातात कागदांचे गठ्ठे घेतलेली प्राध्यापक मंडळी या गल्ल्यांमधून दिसू लागतात, आणि मराठीचे संशोधन शेवटी ज्या हातांनी वाचनीय होते ते हात अशाच एखाद्या अरुंद दुकानात, पंख्याखाली, कळफलकावर चाललेले असतात. श्रेयनिर्देशात बहुधा त्यांना शेवटचे वाक्य मिळते.

अशाच एका दुकानाची ही हकीकत आहे. दुकान चालवणाऱ्याचे वडील जुळारी होते. एक ट्रेडल, खिळ्यांच्या केसी आणि लग्नपत्रिकांपासून पतसंस्थांच्या अहवालांपर्यंत चालणारे काम असा त्यांचा संसार होता. १९९३ मध्ये मुलाने संगणक आणला तेव्हा केसी काढून टाकाव्या लागल्या. शिशाचे खिळे वजनावर विकले गेले. शिशाची ही एक सोय होती. त्याचे अक्षरपण संपले तरी धातुपण उरत असे आणि भंगारवाला त्याचे पैसे देत असे.

२०२४ च्या पावसाळ्यात या दुकानात एक निवृत्त प्राध्यापिका आल्या. त्यांच्या पिशवीत तीन वस्तू होत्या: १९९७ मध्ये याच दुकानात जुळवलेल्या प्रबंधाची झेरॉक्स, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपलेल्या सात फ्लॉप्या, आणि एका संकेतस्थळाचा पत्ता लिहिलेला कागद. प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवरचा होता. १९९१ पासून पाच-सहा वर्षे करवीर, पन्हाळा आणि शिरोळ तालुक्यांतील गावांतून फिरून त्यांनी ओव्या लिहून घेतल्या होत्या. प्रबंधाचे विवेचन त्या काळच्या रीतीचे, म्हणजे थोडे वर्गीकरणाच्या आहारी गेलेले आहे: भावाच्या ओव्या, माहेराच्या ओव्या, विठ्ठलाच्या, सीतेच्या. ते आज फारसे कोणी वाचणार नाही, हे बाईंना स्वतःलाही मान्य आहे. मोल आहे ते परिशिष्टाला, आणि त्याहून अधिक पुढच्या सात वर्षांच्या कामाला. पदवी मिळाल्यानंतरही, २००४ पर्यंत, बाई सुट्टीच्या दिवशी त्याच गावांना जात राहिल्या. त्याच स्त्रियांकडून त्याच ओव्या पुन्हा ऐकत राहिल्या. दुसऱ्या वेळी ओवी बदलते, सुनेसमोर म्हटलेली वेगळी असते आणि लेकीसमोर म्हटलेली वेगळी, हे त्यांना प्रबंध लिहून झाल्यावर उमगले होते. हे सर्व पाठभेद, प्रत्येकापुढे गाणारीचे नाव, गाव, दिवस आणि समोर कोण बसले होते याच्या नोंदीसह, मूळ परिशिष्टाच्या फाइलमध्येच भरले गेले. छापून ठेवण्याचे कारण कोणाला वाटले नाही. फाइल होतीच.

आता प्रकाशनाचा योग आला होता. दुकानदाराने फ्लॉप्यांचा डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, "फाइल आसंल बाई, पण ती वाचणारं काय ऱ्हायलं न्हाई."

हे वाक्य नीट समजून घ्यायला हवे. मराठी संशोधनाच्या एका सबंध पिढीला ते लागू आहे.

त्या काळातील मराठी फाँटमध्ये 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी 'क' नव्हतेच. रोमन चिन्हासाठी राखलेल्या एखाद्या खणात 'क'चे चित्र बसवलेले असे. काना दुसऱ्या खणात, वेलांटीची दोन-तीन रूपे आणखी वेगळ्या खणांत, अर्धा 'त' भलत्याच ठिकाणी. खिळ्यांच्या केसीचे खण जसे जुळाऱ्याच्या हाताला ठाऊक असत, तसे हे खण त्या त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला ठाऊक असत. फरक एवढाच की शिशाच्या केसी ढोबळमानाने एकाच रीतीने मांडलेल्या असत आणि एका छापखान्यातला जुळारी दुसऱ्या छापखान्यात आठवड्याभरात रुळे. फाँटच्या बाबतीत मात्र प्रत्येक कंपनीची खणांची वाटणी निराळी, आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचीही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली होती. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. म्हणजे मार्ग ठाऊक नव्हता असे नाही. पण छपाईला सुंदर वळणाचे अक्षर हवे होते, ते पेजमेकरमध्ये चालायला हवे होते, आणि प्रमाण संकेत पाळणारी साधने सामान्य दुकानदाराच्या टेबलावर येण्यास आणखी दहा वर्षे लागायची होती. तोपर्यंत हजारो प्रबंध, दिवाळी अंक आणि कवितासंग्रह या खाजगी खणांमध्ये जुळवले गेले. फाँट काढून घेतला की मागे उरते ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची रास. संगणकाला ती मराठी आहे हे कधीच माहीत नव्हते.

बाईंची फाइल वाचण्यासाठी एकाच वेळी किती गोष्टी जिवंत असाव्या लागत होत्या हे मोजण्याजोगे आहे. फ्लॉपी हवी, सोनीने तिचे उत्पादन २०११ मध्ये थांबवले. ती वाचणारे यंत्र हवे. पेजमेकर हवे, आल्डसकडून १९९४ मध्ये ते अडोबीकडे गेले आणि २००१ नंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. ते ज्यावर चालते ती विंडोजची जुनी प्रणाली हवी. विंडोज ९८ ला कंपनीने २००६ मध्ये निरोप दिला. फाँट हवा, त्याच आवृत्तीचा. आणि हे सर्व असूनही त्या काळी भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरबरोबर जो 'लॉक' येई, संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या खोबणीत बसवायचा, तोही हवा. नव्या संगणकाला ती खोबणीच नसते. यांपैकी एकही गोष्ट बाईंच्या मालकीची नव्हती. दुकानदाराच्याही नव्हती, जरी त्याने प्रत्येकीचे पैसे मोजले होते.

दुकानदाराने, त्याच्या परीने, जपणूक केली होती हे सांगितलेच पाहिजे. केवळ जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइली उघडण्यासाठी त्याने एक जुना संगणक वर्षानुवर्षे कोपऱ्यात चालू ठेवला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, पाणी जयंती नाल्यातून उलटे फिरले आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडील सखल भागात चढले. त्यात तो संगणक गेला. त्याच कपाटातले प्रबंधांचे जुने प्रूफ-कागदही गेले. पाणी ओसरल्यावर त्यांचा लगदा फावड्याने काढावा लागला. तेव्हा कागद अमर असतो असे म्हणण्याची सोय शाहूपुरीत तरी नाही.

मात्र त्याच पुरात बाईंच्या प्रबंधाला काहीही झाले नाही. विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात, उंचावर, तो सत्तावीस वर्षे बांधणीत उभा होता. या काळात त्याला कोणी वीज पुरवली नव्हती, त्याचे वार्षिक शुल्क भरले नव्हते, नवी आवृत्ती बसवली नव्हती. बहुधा कोणी उघडलाही नव्हता. पण उघडला असता तर तो वाचता आला असता. दुर्लक्ष सोसण्याची ही जी शक्ती आहे ती आपण कागदाचा गुण म्हणून कधी गणली नाही, कारण ती नसणारे माध्यम पूर्वी पाहण्यातच नव्हते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी कागदपत्रे रुमालांत बांधलेली आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली, ती वाचणारी पिढी संपली. तरीही आज एखादा विद्यार्थी काही महिने खपून मोडी शिकतो आणि रुमाल सोडून वाचायला बसतो. त्याला कोणाचा लॉक लागत नाही. लिपी मेली तरी कागद तिची वाट पाहतो. मधली सत्तर वर्षे त्याच्या हिशेबी विशेष नाहीत. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ मध्ये जागा मिळाली, म्हणजे मेलेल्या लिपीलाही प्रमाण खण मिळाले. १९९७ च्या मराठी फाइलीला मात्र ते मिळू शकत नाही, कारण ती लिपी नसून एका दुकानी मालाची आतली रचना आहे.

येथपर्यंतची गोष्ट वस्तूंची आहे, विकत घेतलेल्या आणि जुन्या झालेल्या. बाईंच्या पिशवीतील तिसरी वस्तू, संकेतस्थळाचा पत्ता, निराळ्या जातीची होती.

२००८ मध्ये, युनिकोड मराठी रुळू लागल्यावर, एका विद्यार्थिनीच्या मदतीने बाईंनी काही निवडक ओव्या एका विनामूल्य संकेतस्थळावर मांडल्या होत्या. त्यानंतर जे घडले ते प्रबंधाच्या कक्षेबाहेरचे होते. निपाणीहून, बेळगावकडून, मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या बायकांकडून, परदेशी गेलेल्या लेकींकडून त्याच ओव्यांचे निराळे पाठ येऊ लागले. आजी 'असे' म्हणायची, आमच्याकडे दुसरी ओळ 'अशी' आहे. एका ओवीचे, बाईंच्या आठवणीप्रमाणे, अकरा पाठ जमले होते. जात्याभोवती दोघी-तिघींत चालणारी ही देवघेव शेकडो मैलांवर पुन्हा सुरू झाली होती. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला याहून अधिक काय हवे? काही वर्षांनी ती सेवा बंद झाली. बंद करण्यापूर्वी सूचना दिली गेली होती, मजकूर उतरवून घेण्यास मुदतही होती. सूचना गेली ती नोंदणीच्या वेळी दिलेल्या, महाविद्यालयाच्या ई-मेल पत्त्यावर. तो बाईंनी केव्हाच उघडणे सोडले होते. त्यांना कळले तेव्हा पानाच्या जागी एक ओळ होती, आणि तीही इंग्रजीत.

यात कोणी लबाडी केली असे बाईही म्हणत नाहीत. अटी स्पष्ट होत्या. पण 'सेवा' हा शब्द मराठीत ज्या अर्थांनी रुळला आहे, देवाची सेवा, वडीलधाऱ्यांची सेवा, सरकारी सेवा, त्यांत सेवा करणाराच बांधलेला असतो. सरकारी सेवेतून निवृत्त होणाऱ्याला निदान निवृत्तिवेतन मिळते. येथे सेवाच निवृत्त होते आणि तिच्या आधारावर राहिलेल्याला काहीही मिळत नाही. शब्द तोच, नाते उलटे. अशा निवृत्त्यांची यादी आता लांबली आहे. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये मिटवले. ऑर्कुट, ज्यावर मराठी तरुणांच्या एका पिढीने कवितांवरून हिरिरीने भांडून घेतले, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेले, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. भारतीय भाषांसाठी म्हणून मोठ्या आवाजात आलेले 'कू' २०२० ते २०२४ एवढेच जगले; तेव्हा स्वदेशी असणे हे काही दीर्घायुष्याचे लक्षण नव्हे. मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान २०१९ मध्ये आवरले तेव्हा ग्राहकांना पैसे परत केले आणि पुस्तके काढून घेतली. पैसे परत मिळाले हे खरे. पण विक्रेता घरी येऊन कपाटातून पुस्तक उचलून नेतो आणि किंमत टेबलावर ठेवून जातो, या व्यवहाराला 'विक्री' म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

मराठीच्या अभ्यासकांच्या अगदी जिव्हाळ्याचे उदाहरण मात्र 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'चे आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लाखो जुनी पुस्तके प्रतिमांकित झाली, त्यांत मराठी पुष्कळ होती. शीर्षके रोमन लिपीत, इतक्या चमत्कारिक वर्णलेखनात दिलेली असत की पुस्तक सापडणे हाच एक शोध ठरे. तरीही तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाला मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांची पायरी न चढता एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ उघडता येऊ लागला, आणि प्रबंधांच्या तळटीपांत त्याचे पत्ते येऊ लागले. २०१७ च्या सुमारास स्वामित्वहक्काच्या कारणावरून हे दालन बंद झाले. सरकारी पाठबळ होते, नामांकित संस्था होत्या. तरी बंद झाले. आज ती पुस्तके उपलब्ध आहेत ती कार्ल मालमुद या अमेरिकन गृहस्थाने त्यांच्या प्रती आधीच काढून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवल्या म्हणून. तेथील त्या पुस्तकांच्या ओळखचिन्हांच्या आरंभी अजून 'इन. एर्नेट. डीएलआय' ही अक्षरे दिसतात: मोडलेल्या घराच्या दाराचा क्रमांक नव्या घराच्या कपाटावर चिकटवलेला. आणि हे नवे घर तरी कितपत पक्के? ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्यावर हल्ला झाला आणि काही दिवस तेही बंद होते. त्या दिवसांत तळटीप तपासू पाहणाऱ्याला थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर प्रश्न असा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अनेक प्रती पुढ्यात असल्यामुळे. भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ एवढे चालले; सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते हाताळली. ती काश्मीरपासून मलबारपर्यंत, एकमेकांशी संबंध नसलेल्या घरांत, मठांत, संस्थानांत, बहुतेक वेळा कोणाचे लक्ष नसताना टिकली होती. पाठभेद संभवतो तो प्रती स्वतंत्र हाती असल्यामुळे; आणि एक घर जळले, बुडाले, तरी दुसऱ्या घरातील प्रत बोलू शकते. 'सेवे'त ठेवलेल्या संहितेची प्रत एकच, मालकाच्या घरी. जगभर दिसतात ती तिची दर्शने. दर्शनांची संख्या कितीही मोठी असली तरी मंदिर एकच आहे आणि किल्ली पुजाऱ्याकडे आहे. बार्थने १९६७ च्या निबंधात लेखकाच्या मृत्यूच्या मोबदल्यात वाचकाचा जन्म मागितला होता. आपण वर्गांतून तो निबंध मनोभावे शिकवला, संहितेच्या अस्थिरतेचे गोडवे गायले, आणि संहिता ज्याच्या जागेत राहते तो घरमालक नावाचा तिसरा पक्ष सिद्धान्तात कोठेच आला नाही. अस्थिरता अर्थाची असते तेव्हा ती समीक्षेला पोसते. संहिता बुधवारी आहे आणि गुरुवारी नाही, या अस्थिरतेतून समीक्षेच्या हाती काहीही लागत नाही.

ओव्यांच्या बाबतीत या विचाराला एक खोच आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. ओवीचे मूळ घर जाते होते. पिठाची गिरणी गावात आली आणि ते घर मोडले. कोणी सूचना दिली नाही, मुदत दिली नाही. एकेका घरात जाते भिंतीला टेकले, मग परसात गेले. ज्यांनी ओव्या रचल्या त्या स्त्रियांनी त्याबद्दल अश्रू ढाळल्याचे बाईंच्या वह्यांत कोठेही नोंदलेले नाही. उलट पहाटेच्या झोपेचे, खांद्याच्या दुखण्यातून सुटल्याचे समाधान पानोपानी आहे. तेव्हा माध्यमाच्या अंताबरोबर वाङ्मयप्रकाराचा अंत होणे ही काही यंत्रयुगाने आणलेली नवलाई नव्हे, आणि अभ्यासकाचा शोक हा पुष्कळदा दुसऱ्याच्या कष्टांवर पोसलेला असतो. पण जाते थांबले तेव्हा ओवी गाणारणीच्या तोंडात होती. ती तिने लेकीला, सुनेला, पुढे बाईंना दिली. तिचा पत्ता बदलला, हरवला नाही. संकेतस्थळावरचे अकरा पाठ मात्र कोणाच्याच तोंडात शिल्लक नाहीत, कारण ज्यांनी ते पाठवले त्यांनी ते एकदाच, आता सुरक्षित झाले या समजुतीने, पाठवले होते.

महाराष्ट्रात ओव्यांचे मोठे संकलन टिकले ते कसे, हेही येथे पाहण्यासारखे आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या आपल्या संस्थेतून खेडोपाडीच्या कार्यकर्त्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल या संगीताच्या आणि संगणकाच्या जाणकाराने त्यांची व्यवस्था लावली. प्वातव्हाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. पुढे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने हे भांडार हाती घेतले, आणि आज त्या ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या नावागावांसह वाचता-ऐकता येतात. म्हणजे ते टिकले ते कोठेतरी सुखरूप ठेवले म्हणून नव्हे. दर काही वर्षांनी कोणी तरी ते उचलून नव्या जागी नेले म्हणून. जपणुकीचे हे काम वारीसारखे आहे, दरवर्षी चालावे लागते. तालुक्याच्या महाविद्यालयातील एकट्या अध्यापिकेने, परीक्षेच्या कामातून आणि घरातून उरलेल्या वेळात, ते कसे निभवावे याचे उत्तर विद्यापीठांकडे नाही. अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंधाची संगणकीय प्रत सक्तीची केली. तेव्हापासून प्रबंध 'शोधगंगे'त जाऊ लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मराठी प्रबंध तेथे डोळ्यांना मराठी दिसतो आणि शोध घेणाऱ्या यंत्राला रोमन कचरा. गंगेत पडला, पण हाती लागत नाही.

दुकानदाराने दोन महिने खटपट केली. भंगारातून एक जुना संगणक आणला. सातांपैकी तीन फ्लॉप्या वाचल्या गेल्या, चारांतून नुसता घरघराट आला. फाँट एका दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या सीडीवर मिळाला, पण नंतरच्या आवृत्तीचा. काही खण हललेले. मजकूर युनिकोडमध्ये उतरवणाऱ्या साधनातून गेला तेव्हा बराचसा सरळ आला. पण अनुस्वार शेकडो ठिकाणी गळाले, आणि बोलीतल्या ओवीत अनुस्वार गळणे ही मुद्रणदोषाएवढी क्षुल्लक बाब नव्हे: 'गेलं'चे 'गेल' झाले की कोण गेले, काय गेले, हेच कळेनासे होते. गाणारीने श्वास घेतला ती जागा दाखवण्यासाठी बाईंनी एक खूण ठरवली होती. तिच्या जागी सर्वत्र प्रश्नचिन्ह उमटले होते.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी बाई एस.टी.ने येतात. ग्रंथालयातील बांधीव प्रतीची झेरॉक्स, वाचलेल्या फायली आणि उरलेल्या वह्या समोर ठेवून त्या मोठ्याने वाचतात आणि दुकानदार टंकित करतो. वडील जुळवायचे तेव्हाही एक जण वाचायचा आणि दुसरा जुळवायचा, असे तो सांगतो. काही ओव्या त्यालाही ठाऊक निघतात, आजीकडून ऐकलेल्या. मग बाई चष्मा वर करून त्याचा पाठ वेगळ्या कागदावर लिहून घेतात, गावासह. जेथे फाइल तुटली आहे आणि आठवणही साथ देत नाही तेथे क्रमांक, गाणारीचे नाव, गाव आणि तारीख एवढेच लिहायचे, असे ठरले आहे. ही यादी बाईंच्या एका वेगळ्या वहीत असल्याने ती वाचली. मागच्या गुरुवारी शिरोळकडच्या एका म्हातारीच्या सलग नऊ नोंदी अशाच निघाल्या. म्हातारी आता नाही. तिची धाकटी सून गावात आहे असे बाईंना कोणी तरी सांगितले आहे, पण तिला ओव्या येतात की नाही हे गेल्यावरच कळेल.

"इथं किती वळी मोकळ्या सोडू, बाई?" दुकानदाराने विचारले.

"दोन-दोन सोडा," बाई म्हणाल्या, आणि पुढचा क्रमांक वाचू लागल्या.